कॉलेजला बास्केटबॉल कोच नेमताना : नावाजलेला की नवखा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका अनुदानित कॉलेजात मी शारीरिक शिक्षण संचालक होतो, आता निवृत्त आहे. जून लागला, पेरण्यांची धांदल सुरू झाली की माझा फोनही वाजायला लागतो. कधी लातूरहून, कधी परभणी, अंबाजोगाई, नांदेडहून. "सर, कोचसाठी दोन अर्ज आलेत. एकाचं लई नाव आहे, दुसरं अजून लेकरूच आहे. कोणाला घ्यावं?" दरवर्षी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

'नाव आहे' म्हणजे नेमकं काय आहे, हे कसं ओळखायचं?

अर्जात साधारण असं असतं : यांच्या मार्गदर्शनाखाली संघ सलग तीन वर्षं आंतरमहाविद्यालयीन विजेता, सहा खेळाडू विद्यापीठाचे कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेले. सोबत हार घातलेले फोटो. हे वाचताना लातूरच्या रस्त्यांवरचे क्लासवाल्यांचे फलक डोळ्यांपुढे आणा. दहावीच्या मार्कांवर हुशार लेकरं आधीच निवडून घेतलेली असतात, नीटचा निकाल लागला की त्यांचे चेहरे फलकावर येतात. शिकवणाऱ्यांची मेहनत खोटी नसते. पण ते लेकरू आलं तेव्हा कुठं होतं आणि गेलं तेव्हा कुठं पोचलं, एवढं सोडून बाकी सगळं त्या फलकावर असतं. एकाच पोराचा फोटो दोन वेगळ्या फलकांवर हसताना दिसला, तर लातूरकरांना त्याचंही नवल वाटत नाही.

कोचच्या अर्जाचं तसंच. शाळेपासून राज्य पातळीवर खेळलेली दोन उंच पोरं एखाद्या कॉलेजात प्रवेश घेतात आणि पुढची तीन वर्षं आपल्या भागातले चषक त्याच कॉलेजात जातात. त्या तीन वर्षांत कोच म्हणून बाकावर कोण बसलं होतं यानं फारसा फरक पडलेला नसतो.

मी कागदावर तीन खाने आखायचो. खेळाडू आला तेव्हा त्याला काय येत होतं, गेला तेव्हा काय येत होतं आणि मधे तो या कोचच्या हाताखाली किती दिवस होता. तिसऱ्या खान्यात पुष्कळदा गंमत निघते. 'माझा खेळाडू' म्हणून ज्याचं नाव दिलेलं असतं, तो विद्यापीठाच्या स्पर्धापूर्व शिबिरात दोन आठवड्यांपुरता भेटलेला असतो. याउलट एकही चषक नसलेला एखादा माणूस सांगतो, "सर, पहिल्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत तीस गुणांनी हरलो, तिसऱ्या वर्षी त्याच कॉलेजशी चार गुणांनी हरलो." हा माझ्या लेखी मोठा पुरावा आहे. तीस आणि चार हे आकडे त्याला पाठ आहेत, हीसुद्धा बातमीच.

आणि 'नवखा' कोणाला म्हणायचं?

या एका शब्दाच्या पोत्यात आपण चार जातीचं धान्य भरतो. कालपर्यंत खेळत होता तो नवखा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून (एनआयएस) कोचिंग शिकून नुकताच आला तो नवखा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठ वर्षं लेकरांना ड्रिब्लिंग (चेंडू उसळवत नेणं) शिकवतोय, पण कॉलेजचा संघ कधी हाताळला नाही, तोही नवखा. आणि मोठ्या कोचच्या मागं दहा वर्षं चेंडू गोळा करत, स्कोअरशीट लिहीत, जखमांना पट्ट्या बांधत उभा राहिलेला सहायक, तोही आपल्या हिशोबात नवखाच!

शेवटचे दोघं नवखे नाहीत. त्यांची सही कुठल्या कागदावर नाही, एवढंच.

अमेरिकेत तर कॉलेज बास्केटबॉल म्हणजे जत्राच असते. ती मंडळी काय करतात?

तीही आपल्यासारखीच चुकतात, फक्त त्यांचे आकडे जपून ठेवलेले असतात म्हणून आपल्याला शिकायला मिळतं.

ड्यूक विद्यापीठानं १९८० साली माइक शिशेव्स्की नावाचा तेहतीस वर्षांचा कोच घेतला. आधीच्या हंगामात त्याचा आर्मीचा, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा, संघ ९ सामने जिंकून १७ हरला होता. असा अर्ज आपल्या संस्थेत आला असता तर चहाही न पाजता परत पाठवला असता. ड्यूकमधली पहिली तीन वर्षं मिळून ३८ विजय, ४७ पराभव. त्याला काढा म्हणून ओरड झाली, विद्यापीठानं काढलं नाही. पुढं १९९१ ते २०१५ या काळात त्यानं पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणली आणि २०२२ मध्ये स्वतःहून निवृत्त झाला. त्याच्या जागी ड्यूकनं त्याचाच माजी खेळाडू आणि सहायक जॉन शायर नेमला, ज्यानं तोवर मुख्य कोच म्हणून एकही हंगाम काढला नव्हता. २०२५ मध्ये त्याचा संघ शेवटच्या चारात होता.

कॅन्सस विद्यापीठाची गोष्ट मला जास्त आवडते. १९८८ मध्ये ते राष्ट्रीय विजेते झाले आणि त्याच वर्षी त्यांचा कोच निघून गेला. विजेत्या संघानं एखादा बडा माणूस आणावा की नाही? त्यांनी रॉय विल्यम्स घेतला. दहा वर्षं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात सहायक, त्याआधी हायस्कूलचा कोच. तीन वर्षांत त्यानं संघ अंतिम सामन्यात नेला.

आता उलटी बाजू. बिली गिलिस्पी यानं दोन विद्यापीठांचे पडलेले संघ उभे करून दाखवले होते. पुरावा म्हणावा तर यापेक्षा चोख पुरावा कुठला? २००७ मध्ये केंटकी विद्यापीठानं त्याला घेतलं आणि दोन हंगामांत निरोप दिला. पडका वाडा उभारणं वेगळं आणि नांदत्या वाड्यात रोज पाचशे नातेवाइकांच्या नजरेखाली राहणं वेगळं.

नवखेही आपटतातच. एकाच हंगामाचा अनुभव असलेला मॅट डोहर्टी २००० साली नॉर्थ कॅरोलिनानं आणला. पहिल्या वर्षी २६ विजय, ७ पराभव, सगळीकडे वाहवा. दुसऱ्या वर्षी ८ विजय, २० पराभव. २००३ मध्ये त्याला जावं लागलं आणि त्याच्या जागी आला कोण, तर कॅन्ससचा रॉय विल्यम्स. आता तो नावाजलेला होता! २००५ मध्ये त्यानं विजेतेपद आणलंही. म्हणजे १९८८ चा नवखा हाच २००३ चा नावाजलेला. मधल्या पंधरा वर्षांची जोखीम कॅन्ससनं घेतली होती.

तिथलं इथं लागू पडतं का?

निम्मं. तिथला कोच देशभर फिरून खेळाडू निवडतो, शिष्यवृत्ती देतो. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या मार्कांवर आणि एसटीच्या पासावर जे लेकरू दारात येतं, त्याच्यावर काम करायचं असतं. त्यामुळं खेळाडू गोळा करण्यात वस्ताद असलेल्या माणसाचा आपल्याला उपयोग कमी, शिकवणाऱ्याचा जास्त. तिथला कोच पूर्ण पगारी, आपला मानधनावर. संयम ठेवण्याचा धडा मात्र जसाच्या तसा लागू आहे.

स्वतः मोठा खेळाडू होता, म्हणजे कोच चांगला असणारच ना?

पॅट्रिक युइंग हा जॉर्जटाउनचा १९८४ च्या विजेत्या संघाचा कणा, पुढं एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला मोठा सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू. २०१७ मध्ये त्याच विद्यापीठानं त्याला कोच केलं. २०२१ मध्ये त्यानं बिग ईस्ट या त्यांच्या गटाची स्पर्धा जिंकून दिली, लोक सुखावले. लगेच पुढच्या हंगामात ६ विजय, २५ पराभव, गटातले १९ च्या १९ सामने हरले. २०२३ मध्ये त्याला काढलं.

आणि हे तर ऐकाच : ज्यानं १८९१ मध्ये हा खेळ शोधून काढला तो जेम्स नेस्मिथ कॅन्ससचा पहिला कोच होता. त्याचा हिशोब ५५ विजय, ६० पराभव. कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला तो एकटाच कोच.

मोठ्या खेळाडूला जे उपजत येतं, ते पायरी-पायरीनं सांगणं त्याला जड जातं. "अरे, टाक की!" म्हणतो तो. कसं टाकू, ते सांगत नाही. याला अपवाद असतात, म्हणून तर खाली दिलेली चाचणी त्याचीही घ्यायची.

एनआयएस केलेलाच घ्यावा का?

मिळाला तर उत्तम. पण 'एनआयएस' एवढंच लिहिलेलं असेल तर पुढचा प्रश्न विचारा : वर्षाची पदविका की सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम? दोन्ही पतियाळाच्याच संस्थेचे आणि दोन्ही कामाचे, पण अंतर मोठं आहे. अर्जदार ते अंतर सांगायला सहसा विसरतात. मूळ प्रमाणपत्र हातात घेऊन पाहा. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणापायी आपल्या राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचे काय काय प्रकार निघाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. झेरॉक्सवर विश्वास टाकायचे दिवस गेले.

आमच्याकडे क्रीडा संचालक आहेतच, मग वेगळा कोच कशाला?

कारण मी स्वतः होतो, म्हणून सांगतो. एका संचालकाच्या माथी कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, अ‍ॅथलेटिक्स, योग दिन, नॅकची फाइल, परीक्षेचं पर्यवेक्षण आणि वर निवडणुकीचं काम. त्याच्या पदासाठी सेट-नेट लागते, बास्केटबॉल यावंच असं नाही. मला कबड्डीतलं कळायचं. झोन डिफेन्स, म्हणजे प्रत्येकानं आपापली जागा राखत करायचा बचाव, मी पुस्तकात वाचून शिकवला आणि लेकरांनी तो तसाच पुस्तकातल्यासारखा खेळला, म्हणजे उभं राहून.

चाचणी कशी घ्यावी?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि फोनवर तो कधीच विचारला जात नाही.

सोयाबीन पेरणारा आपला शेतकरी काय करतो ते आठवा. घरचं बियाणं असो की दुकानातली सीलबंद पिशवी, शहाणा माणूस पेरणीआधी शंभर दाणे मोजून घेतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गुंडाळी करतो, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहतो. पाच-सात दिवसांनी उघडून मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायचं. पिशवीवर काय छापलंय हे तो वाचतो, पण मोजायचं सोडत नाही, कारण दुबार पेरणीचा खर्च त्यालाच बसणार असतो.

कोचची उगवण चाचणी अशी : दोन्ही उमेदवारांना वेगवेगळ्या दिवशी, त्याच वेळेला, तुमच्याच मैदानावर, तुमच्याच पंधरा लेकरांवर दीड तास द्या. निवडक पोरं देऊ नका. दोन-तीन चांगली, आठ-दहा बेताची, दोन ज्यांनी चेंडू कधी धरलाच नाही अशी. सामान आहे तेच. पाच चेंडू, त्यातल्या दोनांत हवा टिकत नाही, एका बाजूची रिंग वाकलेली. मुद्दाम दुरुस्त करू नका.

आता तुम्ही काय पाहायचं? मी घड्याळ घेऊन बसायचो आणि एकाच पोरावर नजर ठेवायचो, रांगेच्या शेवटी उभं राहणाऱ्या, अंग चोरणाऱ्या पोरावर. त्याच्या हातात चेंडू किती वेळा आला ते मोजायचो.

एका वर्षी असेच दोघं आले होते. पहिला नावाजलेला. शिट्टी गळ्यात, टी-शर्टवर जुन्या स्पर्धेचं नाव. त्यानं ले-अपची, म्हणजे पळत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकायची, एक लांब रांग लावली. पंधरा पोरं, एक चेंडू, एक रिंग, बाकीचे चार चेंडू बाजूला. ज्याला चांगलं येतं त्याला तो शाबासकी देत होता, ज्याला येत नाही त्याला "पुढं" म्हणत होता. वीस मिनिटांत माझ्या पोराच्या हातात चेंडू सात वेळा आला. बाकी वेळ ते कोपरानं शेजारच्याला ढोसत उभं होतं.

दुसरा आला तो मोटारसायकलवरून, पिशवीत हवा भरायचा पंप घेऊन. कोणी सांगितलं नव्हतं. आधी त्यानं ते दोन चेंडू फुगवले, एक टिकला, एक नाही टिकला. न टिकणाऱ्याचा उपयोग त्यानं चेस्ट पाससाठी, म्हणजे छातीपासून थेट दुसऱ्याच्या हातात द्यायच्या पाससाठी केला, "उसळायची गरजच नाही" म्हणाला. तीन-तीन पोरांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक चेंडू. त्याच पोराची मोजदाद मी चाळिशीनंतर सोडून दिली. सत्राच्या शेवटी त्याला पंधरापैकी अकरा जणांची नावं येत होती, पहिल्याला दोघांची. त्या दोघांचे वडील समितीत होते.

चूक कशी सुधारतो तेही ऐका. "हात नीट कर" ही सूचना नव्हे, तो वैताग आहे. "कोपर आत घे, चेंडू बोटांवर ठेव, तळव्याला चिकटू देऊ नको" ही सूचना. आणि भाषा पाहा. अहमदपूर-कंधारकडून आलेल्या, हा खेळ पहिल्यांदा पाहणाऱ्या पोराला 'पिक अँड रोल' म्हणून काय कळणार? एका नवख्यानं ते असं सांगितलेलं मला आठवतं : "तू भिंत हो. हालू नको. तो तुला घासून निघंल, त्याच्या मागचा तुझ्यावर येऊन धडकंल. धडकला की तू वळ आन् रिंगकडं पळ." पोरांनी तिसऱ्या खेपेला ते करून दाखवलं.

जमलं तर आठवड्यानं दोघांनाही पुन्हा बोलवा. पहिल्या दिवशी पाहुणा सगळ्यांनाच गोड लागतो. मागच्या वेळी कोणाचं काय चुकत होतं हे दुसऱ्या दिवशी ज्याच्या लक्षात असतं, तो तुमचा माणूस.

मुलाखतीत काय विचारावं?

"तुमचं ध्येय काय" हे विचारू नका, सगळ्यांचं ध्येय भारताला पदक मिळवून देणं असतं. एक प्रसंग द्या. शेवटचं क्वार्टर, चाळीस सेकंद उरलीत, आपण चार गुणांनी मागं, चेंडू त्यांच्याकडे, या क्वार्टरमध्ये आपले सांघिक फाउल चार झालेत, म्हणजे पुढच्या फाउलला त्यांना दोन फ्री थ्रो, कोणी अडवायला नसताना मारायचे दोन नेम. तुम्ही टाइम आउट घेतलात. मिनिटभर आहे. बोला.

फाउल करून घड्याळ थांबवायचं की दाब टाकून चेंडू हिसकावायचा, यावर जाणकारांचं दुमत होईल, तो वाद घालू नका. त्यांच्यात फ्री थ्रो कच्चा कोणाचा, हे तो तुम्हाला उलट विचारतो का? मिनिटात एकच गोष्ट सांगतो की सात? दमलेल्या पोराच्या डोक्यात एकच मावते.

दुसरा प्रश्न : "तुमच्या हातून सुटलेला एखादा खेळाडू सांगा." नावाजलेल्याला हा प्रश्न आवडत नाही. आवडला नाही तरी तो उत्तर देतो का, ते पाहा.

चौकशी कोणाकडे करावी?

शिफारसपत्र लिहिणाऱ्याकडे तर अजिबात नको. जुन्या संघातल्या बाकावर बसलेल्या पोरांकडे करा, जी फार खेळली नाहीत. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे करा. आणि मैदानाच्या रखवालदाराला एक चहा पाजा. कोच सहाला येतो की सातला, हे त्याच्याइतकं नेमकं कोणालाच माहीत नसतं.

नावाजलेल्याला घेण्यात धोका कोणता?

वेळेचा. नाव असलेला माणूस छत्रपती संभाजीनगरात किंवा नांदेडात राहतो, त्याच्या हातात आधीच एक क्लब, एक शाळा आणि दुसरं एखादं कॉलेज असतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं पाहुणा जेवून जातो आणि घरवाले उपाशी राहतात. आमच्याकडे एका वर्षी असा करार झाला होता. आठवड्यातून चार दिवस ठरलेले, प्रत्यक्षात दीड. स्पर्धेच्या दिवशी मात्र साहेब फोटोत मधोमध.

तरी मी म्हणेन, तो पूर्ण वेळ देणार असेल आणि चाचणीत उतरला असेल, तर नाव आहे म्हणून त्याला नाकारूही नका. नावाचा फायदा असतो. संस्थाचालक त्याचं ऐकतात, रिंगमागचा बोर्ड बदलायचा प्रस्ताव त्याच्या तोंडून गेला की महिन्यात मंजूर होतो. माझ्या तोंडून गेलेला तीन वर्षं टेबलावर पडून होता.

नवख्याला घेतलं तर हाताशी काय द्यावं?

एक वडीलधारा, महिन्यातून एकदा येऊन प्रॅक्टिस पाहणारा, पोरांसमोर न बोलणारा. दहा चांगले चेंडू. मैदानाची किल्ली. आणि प्राचार्यांचं एक पत्र, की संघनिवड कोच करेल. चौथी गोष्ट नसेल तर पहिल्या तिन्ही वाया.

मानधन कसं ठरवावं?

आकडा तुमच्या संस्थेच्या ऐपतीवर. पण ठरलेलं दरमहा द्या, दिवाळीत एकरकमी नको. पेट्रोल किंवा एसटीचं भाडं वेगळं धरा. आणि चषकावर बक्षीस लावू नका. चषकावर पैसे लावले की जुलैत नावापुरते प्रवेश घेतलेले, वर्गात कधी न दिसणारे खेळाडू उगवतात आणि तुमची नेहमीची लेकरं बाकावर जातात.

आमचाच माजी विद्यार्थी आहे. त्याला घ्यावं का?

मायेचा प्रश्न असल्यानं इथं जास्त सावध राहा. त्याला मैदान माहीत, शिपाई माहीत, पावसात पाणी कुठं साचतं तेही माहीत. पण संघातली मोठी पोरं कालपर्यंत त्याला 'दादा' म्हणत होती, त्यांना बाकावर बसवताना त्याचा हात थरथरतो. एक वर्ष दुसऱ्या कॉलेजात किंवा शाळेत काम करून ये म्हणावं. आला तर बरं. नाही आला तरी त्याचं भलंच झालेलं असतं.

मुलींच्या संघासाठी काही वेगळं पाहावं का?

हो, आणि इथं नावाजलेला असला म्हणून कुठलीही सूट नाही.

आधी एक साधी खूण. मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो, मुलांचा सात. आपल्या कित्येक कॉलेजांत मुली वर्षभर मुलांच्या उरलेल्या सात नंबरवर सराव करतात आणि स्पर्धेत पहिल्यांदा सहा नंबर हातात घेतात, मग नेम चुकतो. चाचणीच्या दिवशी जो उमेदवार "सहा नंबर कुठं आहे?" विचारतो, त्यानं मुलींना खरंच शिकवलेलं आहे.

दुसरं, वेळ. संध्याकाळी सहाची शेवटची एसटी गाठणारी मुलगी साडेसहापर्यंत थांबणार कशी? गावाकडच्या आईवडिलांना भेटून वेळ ठरवणारा कोच मी दोनदाच पाहिला, दोन्ही वेळा मुलींचा संघ टिकला.

तिसरं, सुरक्षितता. आधीच्या ठिकाणी तक्रार होती का, हे फोन करून, स्पष्ट शब्दांत विचारा. आडवळणानं विचारलं तर आडवळणाचंच उत्तर येतं. बाहेरगावच्या स्पर्धेला महिला प्राध्यापक सोबत असलीच पाहिजे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्या सदस्यांची नावं नि फोन नंबर मुलींना पहिल्याच दिवशी, कोचच्या समोर सांगा.

अध्यक्षांच्या ओळखीचा उमेदवार असेल तर?

त्याचीही चाचणी घ्या आणि अध्यक्षांना मैदानावर खुर्ची टाकून बसवा. मी दोनदा हे केलं. एकदा अध्यक्ष स्वतःच अर्ध्यातून उठून गेले आणि नाव मागं घेतलं. दुसऱ्यांदा उमेदवार खरंच चांगला निघाला, तोंडात मारल्यासारखं मला झालं.

निकाल दिसायला किती वेळ द्यावा?

दोन पूर्ण हंगाम, त्याआधी हिशोब मागू नका. पहिल्या वर्षी फक्त हजेरी मोजा. जूनमध्ये आलेल्या पंधरांपैकी जानेवारीत किती टिकले? दुसऱ्या वर्षी हरण्यातलं अंतर मोजा. आपल्याकडची पोरं तीन-चार वर्षांत निघून जातात, त्यामुळं फार लांबही थांबता येत नाही. मधेच एखादं वर्ष निसर्गच खातो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा उन्हाळी शिबिराचा विषय काढायची सोय नव्हती. त्या वर्षाचा दोष कोणा कोचच्या माथी मारणार?

चाचणीच्या दिवशीच पाऊस आला तर?

येऊ द्या. रद्द करू नका.

आमचं मैदान सिमेंटचं आणि उघडं. जुलैतल्या एका चाचणीला वीसच मिनिटं झाली आणि सर कोसळली. त्या दिवशीचा उमेदवार चाळिशी ओलांडलेला होता, तीन विद्यापीठ विजेतेपदांचा कागद त्याच्या फाइलमध्ये होता आणि खरं सांगतो, मी मनातून त्याला आधीच फुली मारून ठेवली होती. सगळे व्हरांड्यात आले. मला वाटलं, आता चहा, गप्पा आणि 'आमच्या वेळी'. त्यानं मराठी विभागाच्या वर्गातून खडूचा तुकडा मागून आणला, व्हरांड्याच्या फरशीवर अर्धं कोर्ट काढलं, लेकरांच्या चपला गोळा करून पाच इकडं, पाच तिकडं मांडल्या आणि त्या अंग चोरणाऱ्या पोराला म्हणाला, "ही निळी स्लीपर तुझीच ना? मग सांग, ती आता कुठं जाईल?" पोरानं खाली बसून चप्पल दोन फरश्या पुढं सरकवली. "का?" त्यानं विचारलं. पोरानं कारण सांगितलं, बरोबर सांगितलं. मी खिशातला कागद काढला आणि फुली खोडली.